भटकंतीचे प्रश्न: ग्रिंडेलवाल्डची हट गुडघ्याला झेपेल का?

प्रश्न: जुलैमध्ये मुलाकडे झ्युरिकला चाललोय, त्यातले चार दिवस ग्रिंडेलवाल्डला राहणार. युंगफ्राउयोखची ट्रेन सगळेच करतात, आम्हाला एक दिवस चालायचंय, म्हणजे डोंगरावरच्या एखाद्या हटपर्यंत जायचं, तिथे खायचं आणि परत. मी 58, मिस्टर 63. महिन्यातून एकदा तरी सिंहगड होतो पण उतरताना मिस्टरांचा गुडघा कुरकुर करतो. शिवाय आम्ही शुद्ध शाकाहारी. काही सुचवाल का, आणि डबा नेला तर चालतो का तिकडे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, सिंहगड करताय म्हणजे निम्मं काम झालंच. तुम्ही बेरेगला जा. ग्रिंडेलवाल्ड स्टेशनपासून मेन रोडने चर्चच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं चालत गेलात की फिंग्स्टेगची केबल कार लागते, ती तुम्हाला 1391 मीटरवर नेऊन सोडते आणि तिथून बेरेगची हट आहे 1775 मीटरवर, म्हणजे चढ सगळा मिळून चारशे मीटरच्या आत. आतकरवाडीतून गडावर जाता त्यापेक्षा हा कमीच आहे. पण गंमत बघा, हटच्या ओट्यावर बसाल तेव्हा तुम्ही आपल्या कळसूबाईपेक्षा सव्वाशे मीटर वर असाल.

वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर साधारण तासाभराचा वेळ दिसेल. तो वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो आणि फोटो, पाणी, 'जरा टेकू या' यातलं त्यात काहीच धरलेलं नसतं, सो तुम्ही पावणेदोन तास धरा. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असतो, म्हणजे डोंगरवाट, साधे स्पोर्ट्स शूज नकोत, ग्रिपवाले घाला. पहिला टप्पा झाडीतून कड्याच्या बाजूबाजूने जातो, चढ फार नाही, पण उजव्या हाताला खोल घळ आहे, सो ज्याला खाली बघून गरगरतं त्याने डोंगराच्या बाजूने चालायचं. शेवटी मात्र वळणं-वळणं घेत खडा चढ आहे आणि तिथेच सगळ्यांचा श्वास वर-खाली होतो. समोरून येणारे लोक 'ग्र्युएसेख' म्हणतात, तिकडचा रामराम तो, आपणही म्हणायचं.

वर गेल्यावर समोर आयगर शिखराची ती प्रसिद्ध उत्तर भिंत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तुम्ही तिच्या कुशीच्या बाजूला असता. दिसतं ते वेगळंच आणि माझ्या मते जास्त बघण्यासारखं. खाली राखाडी दगडगोट्यांचा भलामोठा खड्डा दिसतो, एखादी खाण सोडून दिल्यासारखा. ती खालच्या ग्रिंडेलवाल्ड हिमनदीची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे बर्फ पार खाली गावाच्या खोऱ्यात आलेलं होतं, आता मागे खूप आत गेलंय. बर्फ वितळून खाली बसलं तसा बाजूच्या मातीदगडांच्या बांधाचा टेकू गेला आणि तो ढासळायला लागला. आधीची हट, श्टीरेग नावाची, त्या बांधावरच्या हिरवळीवर होती, ती 2005 मध्ये कडेलाच आली आणि सोडून द्यावी लागली. आत्ताची हट त्यानंतर वर, पक्क्या जागेवर बांधली. पुढच्याच वर्षी, जुलै 2006 मध्ये, समोरच्या आयगरच्या पूर्वेकडच्या अंगाचा मोठा तुकडा कोसळला आणि धुळीचे लोट खोऱ्यात पसरले. ओट्यावर बसून चहा पिताना हे आठवलं की कप जरा हळू खाली ठेवला जातो. अधूनमधून पलीकडून दगड घरंगळल्याचा आवाज येतो, घाबरू नका, लांब असतो तो.

आता गुडघा. काठ्या दोन घ्या, एक नाही, आणि त्या उतरताना वापरा, चढताना नाही वापरल्या तरी चालेल. आणि खरी काळजी घ्यायची ती चढाची नाही, शेवटच्या केबल कारची! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हटवरच्या केकचा दुसरा पीस घेतला, त्या नादात शेवटची केबिन हुकली आणि फिंग्स्टेगपासून गावापर्यंत अजून साडेतीनशे मीटर जंगलातून पायी उतरलो. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना मी उलट्या तोंडाने, कठडा धरून उतरत होतो, बायको व्हिडिओ काढत होती. सो जाताना खालच्या स्टेशनवर टाइमटेबलचा फोटो काढा आणि तिथपासून मागे मोजत या: परतीला सव्वा ते दीड तास, वर अर्धा तास जास्तीचा. सकाळी नऊ-साडेनऊला निघा म्हणजे दुपारच्या गडगडाटाच्या आत खाली याल, जुलैत तिकडे दुपारनंतर ढग फुटतात. बेरेगहून पुढे श्रेकहॉर्नच्या हटकडे वाट जाते, तिच्या मोहात पडू नका, ती साखळ्या-शिड्यांची आहे. इमर्जन्सीला 1414, हेलिकॉप्टरवाले रेगा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका धरलीये का ते निघायच्या आधी बघा, ते बिल रुपयांत बघवत नाही.

खायचं म्हणाल तर र्‍योश्टी मागा, किसलेल्या बटाट्याचं जाडसर, कुरकुरीत धिरडं समजा, वर चीज. ऑर्डर देताना 'ओह्ने श्पेक' म्हणजे बेकन नको हे सांगाच, कारण न विचारता घालतात. सूप नुसतं भाज्यांचं दिसलं तरी रस्सा बहुतेक वेळा बीफचा असतो, तो विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्रँकच्या नोटा जवळ असू द्या.

डबा नेता येतो की, थेपले उत्तम. पण हटच्या बाकावर उघडू नका, ती माणसं सगळं सामान वर आणून धंदा करतात, त्यांच्या ओट्यावर बसून आपली चटणी-पोळी खाणं बरं दिसत नाही. वाटेत सपाट दगड भरपूर आहेत, तिथे खा आणि हटवर कॉफी नि केक घ्या. एकच पीस.