ट्रम्पेटला आंघोळ, चिंचेचा घास आणि अडकलेला माउथपीस

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. हल्ली वाद्याला कुबट वास येतो. घरी धुतलं तर चालेल का? (एक आई, ठाणे)

धुवायलाच हवं, ताई. रोज वाजवत असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा. फुंकरीबरोबर लाळ आणि तोंडातले खाण्याचे कण आत जातात, आणि माउथपीसच्या लगतच्या नळीत हिरवट, बुळबुळीत थर धरतो. वास त्याचाच. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोनवादकाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याचा कित्येक वर्षांचा खोकला वाद्यात वाढलेल्या जंतू-बुरशीमुळे होता. वाद्य नियमित साफ करायला लागल्यावर तो गेला. इतकं सहसा होत नाही, पण वाद्य आतून स्वच्छ ठेवायचं कारण यातून कळतं.

टबात जुना टॉवेल अंथरा, म्हणजे पोचा पडणार नाही. पाणी कोमट घ्या. कढत पाण्याने लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) सुटतं. भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरेत. आधी तिन्ही पिस्टन (बोटाने दाबायच्या दांड्या) काढून कापडावर ओळीने ठेवा. त्यांच्यावर १, २, ३ आकडे कोरलेले असतात, अदलाबदल झाली तर हवा पुढे जाणारच नाही. पिस्टनच्या वरच्या टोकाचे फेल्ट (लोकरी चकत्या) भिजू देऊ नका, खालचा धातूचा भाग तेवढा धुवा. नळ्यांतून लवचीक लांब ब्रश फिरवा. पहिल्याच फेरीला पाण्यात काय उतरतं ते मुलालाही दाखवा, पुढच्या वेळी तो आपणहून धुवेल. मग साध्या पाण्याने खळबळून काढा, कोरडं करा, स्लाइडना (सरकवता येणाऱ्या नळ्यांना) ग्रीस आणि पिस्टनना वॉल्व्ह ऑइल लावा. पिस्टन ज्याच्या त्याच्या घरात घालून हळूच फिरवायचा. बारीक ‘टक’ आवाज आला की तो बसला.

आणि बिस्किट खाऊन लगेच वाजवायचं नाही. आधी चूळ.

प्रश्न : पिस्टनला खोबरेल तेल घातलं तर? (एक विद्यार्थी, सातारा)

नको. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यात केसाच्या जाडीएवढीही फट नसते. तिथे खोबरेल जड पडतं, चिकट होतं, आणि तुमच्याकडच्या थंडीत तर ते थिजतंच. वॉल्व्ह ऑइलची छोटी बाटली कित्येक महिने पुरते.

प्रश्न : लग्नसराईआधी आम्ही सगळी वाद्यं चिंचेने नाहीतर भांड्यांच्या पावडरीने घासतो. लखलखतात, पण चार दिवसांत पुन्हा काळी पडतात. (बँडमालक, मिरज)

समईला जे चालतं ते ट्रम्पेटला चालत नाही, मालक. समई जाड ओतीव असते. ट्रम्पेटचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. पावडर दरवेळी त्यातला थोडा खाते, आणि तिचा एखादा कण पिस्टनच्या घरात शिरला की चरे पडतात. चिंचेच्या आंबटाने वरचा काळा थर निघतो खरा, पण उघडं पडलेलं पितळ घाम आणि दमट हवा लागताच पुन्हा काळवंडतं. सांध्यात राहिलेलं आंबट तर डाखाच्या कडेने हिरवा कळंक धरतं.

वाद्यावर लॅकर असेल तर पॉलिश लावूच नका, ओलसर मऊ फडकं आणि मग कोरडं फडकं एवढंच. निकेलच्या वाद्यालाही तेच. लॅकर पूर्ण गेलेलं असेल तर वर्षातून एकदा मेटल पॉलिश ठीक, पण त्या वेळी पिस्टन आतच राहू द्या आणि टोप्या घट्ट लावा. खरा फरक पडतो तो वरात संपल्यावर. पेटीत टाकण्याआधी प्रत्येक वादकाने नळीत साठलेलं पाणी काढायचं, हात लागतो तिथला घाम पुसायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात एक जुनं सुती फडकं द्या. चार महिन्यांनी तुम्हीच फरक बघाल.

प्रश्न : आजोबांचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आखूड वाद्य) ट्रंकेत सापडला. माउथपीस अडकलाय, स्लाइड हलत नाहीत, नळीवर लालसर ठिपके आहेत. (एक वाचक, मडगाव)

पक्कड लावू नका, ही हात जोडून विनंती. उमेदवारीत मी तशी लावली होती. माउथपीस निघाला, पण नळी पिळवटली आणि आधाराचा डाख सुटला. माउथपीस काढायचं खास हत्यार असतं, दुरुस्तीवाला त्याने दोन मिनिटांत काढून देतो. स्लाइडच्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल सोडून दोन दिवस थांबा. मग वळणातून सुती पट्टी ओवा, त्या स्लाइडचा पिस्टन दाबून ठेवा आणि सरळ रेषेत झटका द्या. पिस्टनच जाम असतील तर हेही दुरुस्तीवाल्यावर सोडा.

लाल ठिपक्यांकडे मात्र नीट बघा. पितळेतलं जस्त निघून गेलं की तांबं उरतं, आणि ही झीज बहुधा आतून बाहेर येते. ती पॉलिशने जात नाही. फक्त माउथपीसच्या नळीवर असेल तर ती नळी बदलता येते, कॉर्नेट वाचतो. कर्ण्यावर (पुढच्या पसरट तोंडावर) काळेपणा असेल तर खाली चांदीचा मुलामा असू शकतो, म्हणून तूर्त काहीच घासू नका. ठिपके नेमके कुठे आहेत त्याचा फोटो पाठवा, पुढचं बघून सांगतो.