नवं डिशवॉशर: ॲप नंतर, खालचा रॅक आधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रंकाळ्याजवळ सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, घरात पाच माणसं, रविवारी मटण ठरलेलं. दुकानदार नव्या रचनेचं डिशवॉशर दाखवतोय. वर तिसरा ट्रे, धुऊन झालं की आपोआप उघडणारं दार, मोबाइलवर ॲप. त्याच कंपनीचं जुनं मॉडेल तो बरंच स्वस्तात द्यायला तयार आहे. जास्तीचे पैसे घालावेत का?

ॲपचं सोडून द्या. भांडी आत लावायला तुम्हालाच ओट्यापाशी जायचंय, तिथंच बटण दाबून होतं. दोन्ही मॉडेलचा खालचा रॅक बाहेर ओढा आणि त्यात घरचं ताट उभं करून बघा. निम्मा निकाल तिथंच लागतो.

ही मशीन मुळात चिनीमातीच्या पसरट बशांसाठी आखलेली. '१४ सेटिंग' (म्हणजे चौदा जणांच्या जेवणाची भांडी) हा आकडाही तसल्याच बशा, कप आणि काट्या-चमच्यांच्या हिशेबानं काढतात. आंतरराष्ट्रीय चाचणीत भांडी खरकटी करायला पालक, खिमा, अंड्याचा बलक, ओट्स, दूध, चहा आणि मार्गारिन वापरतात. तांबड्या रश्श्याचा कट त्यात कुठला! आपल्या ताटाला उभा काठ असतो. रॅकचे दात जवळजवळ असले तर एक घर सोडून ताट लावावं लागतं आणि १४ चं मशीन घरी आल्यावर निम्म्यावर येतं. नव्या मॉडेलमध्ये दात आडवे पाडता येत असतील आणि वरचा रॅक भरलेला असतानाही खाली-वर होत असेल, तर त्याला जरूर पैसे द्या. कढई आणि पातेलं पालथं बसायला तेवढी जागा लागतेच.

तिसऱ्या ट्रेचं माझं मत जरा वेगळं आहे. चमचे, झारा, उलथनं वर गेलं की खालची चमच्यांची टोपली काढता येते, हे खरं. पण तेवढी उंची मधल्या रॅकची जाते. उंच पेले आणि तांब्या तिथं अडतात, फवाऱ्याचा पंखा त्यांना आपटून थांबतो आणि वरची भांडी तशीच राहतात. ट्रे पूर्ण काढून ठेवता येतो का, ते विचारा. पंखा हातानं एकदा फिरवूनही बघा.

आता धुण्याचं. पावडरीतली एन्झाइम्स भाताची पेज आणि मटणाची प्रथिनं ५०-५५ अंशांच्या आसपास चांगली सोडवतात, पण कटाचं तेल आणि चरबी ६५-७० अंश पाण्यात जास्त चांगली निघते. म्हणून रविवारी कढईचा किंवा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम, एरवी इको. इकोला तीन तासांच्या वर लागतात म्हणून लोक वैतागतात. पण पाणी कमी तापवायचं तर वेळ जास्त द्यावाच लागतो, वीज वाचते ती त्यातूनच. हाडं, खोबऱ्याचा चोथा आधी झाडून टाका. साबणाच्या वडीनं मात्र अगोदर घासू नका, आत फेस होऊन मशीन अडतं. फिल्टर एका हातानं फिरवून वर येतो का, हे दुकानातच करून बघा. अवघड असेल तर महिन्याभरात कुणी त्याला हात लावत नाही आणि मग वासाच्या तक्रारी सुरू.

जर्मनची (म्हणजे ॲल्युमिनियमची) पातेली, हिंदालियमचा कुकर, लोखंडी तवा, कल्हईची पितळी भांडी कुठल्याच मशीनमध्ये घालू नका, नवं असो की जुनं. ॲल्युमिनियम काळं पडतं, तव्याला गंज चढतो. हळदीनं आतले प्लॅस्टिकचे भाग पिवळे होतील, त्याची काळजी नको.

वरच्या मजल्याचा मुद्दा दुकानदार काढणार नाही, म्हणून मीच काढतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार. टाकी तुमच्या नळाच्या तीनच मीटर वर असेल तर हातात फक्त ०.३ बार येतो. पुष्कळ मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे तुम्ही अगदी काठावर. तो आकडा माहितीपुस्तिकेत असतो, दोन्ही मॉडेलचा ताडून बघा. कमी पडत असेल तर प्रेशर पंपाचा खर्चही किमतीत धरा.

सोसायटीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं मिसळतात का, तेही विचारून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. बोअरचं पाणी बरेचदा कठीण असतं, मग स्टीलवर पांढरे डाग पडतात. त्यासाठी मशीनमध्ये मीठ घालतात. आतली रेझिन पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठानं पुन्हा ताजी होते. स्वयंपाकाचं बारीक मीठ नको, जाड खड्याचं डिशवॉशरचंच घ्या. पाण्याची पट्टीनं चाचणी करून मशीनचं सेटिंग त्याप्रमाणे ठेवा. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो कठीणपणा मोजत नाही.

आपोआप उघडणारं दार खरंच कामाचं आहे. शेवटच्या गरम पाण्यानं स्टील स्वतःच्या उष्णतेवर सुकतं, प्लॅस्टिकचे डबे ओलेच राहतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. वाफ बाहेर गेली की फरक दिसतो. फक्त वर प्लायवूडचा ओटा असेल तर कडा फुगतील, ग्रॅनाइट असेल तर प्रश्न नाही. बाकी ही सोय फुकटात करायची तर धुऊन झाल्यावर जुन्या मशीनचं दार हातानं किलकिलं करा.

एवढं बघून दोन्हींचे रॅक सारखेच निघाले तर जुनं घ्या, उरलेल्या पैशात पंप आणि वर्षभराचं मीठ-पावडर येईल. नव्याचे दात पडत असतील आणि जुन्याचे नसतील, तर नवं. शोरूमला जाताना पिशवीत एक ताट, दोन वाट्या, तांब्या आणि रविवारची कढई न्या. आणि ओट्याखाली १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आहे का, ते वायरमनला आधी दाखवून ठेवा.