खालच्या काकूंच्या छताला ओल, आणि ठेकेदार म्हणतो सिलिकॉन भरतो

प्रश्न : आमचा वर्तकनगरला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. मार्चमध्ये बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करून घेतलं. ४ लाख ८० हजार ठरले होते, त्यातले साडेचार लाख देऊन झालेत. जूनपासून खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आहे, आता थेंबही पडतात. आमच्या बाथरूममध्ये दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचतं, काही टाइल्स पोकळ वाजतात आणि गीझर लावला की मधूनच स्विच पडतो. ठेकेदार म्हणतो, ‘मॅडम, जॉइंटमध्ये सिलिकॉन भरून देतो, बंद होईल.’ मिस्टर म्हणतात, सगळं फोडून दुसऱ्याकडून करून घेऊ. सोसायटीचंही पत्र आलंय. गणपतीच्या आत उरकायचंय. महारेराकडे तक्रार करता येईल का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, आधी गीझर बंद करा, बाकीचं नंतर. बोर्डात नेमकं काय पडतं ते बघा. ज्याच्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण आहे ते आरसीसीबी पडत असेल, तर कुठेतरी करंट गळतोय आणि तो ओल्या भिंतीजवळ गळत असू शकतो. घरातलं आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरला पडतं, माणसाचा जीव वाचावा म्हणून. साधा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, पडत असेल तर गीझरची वायर आणि जोडण्या तपासून घ्या. दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला स्वतंत्र लाइन, जाड वायर आणि नीट अर्थिंग लागतं. ‘मोठा एमसीबी टाकू या’ असं कुणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. लायसन्स असलेला वायरमन बोलवा.

आता ओल. मिस्टरांचा राग मला समजतो, पण आज फोडलंत तर पाणी कुठून आलं ते कधीच कळणार नाही आणि ठेकेदाराविरुद्धचा पुरावाही मलब्याच्या गोण्यांतून खाली जाईल. आणि सिलिकॉन भरून दिलं तर दोन महिने बरं वाटेल, पुढे तीच ओल पुन्हा येईल. मी ठाण्यात जुन्या इमारतींमधली दुरुस्तीची कामंच बघते आणि हे ‘वरून भरून देतो’ ऐकलं की मला खरोखर संताप येतो. टाइल्सच्या सांध्यातला ग्राउट किंवा सिलिकॉन म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. सांध्यातून थोडं पाणी खाली जाणारच. ते अडवणारा थर टाइलच्या खाली, स्लॅबवर आणि कोब्यावर, म्हणजे टाइलखालच्या भरावावर, असायला हवा. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांचे तुकडे नि सिमेंट घालून भरलेला असतो. खालचा थर नसेल किंवा फाटला असेल तर हा कोबा स्पंजसारखा पाणी पिऊन बसतो आणि हळूहळू खाली सोडतो. तुमचं काम मार्चमध्ये झालं आणि ओल जूनमध्ये दिसली, त्यात म्हणूनच काही आश्चर्य नाही.

संशयित चार आहेत : नळाची आतली लाइन, सांडपाण्याची लाइन आणि नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाचा) जोड, फरशीचं वॉटरप्रूफिंग, आणि बाहेरच्या भिंतीतून येणारा पाऊस. काकूंना विनंती करून छतावरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून घ्या, शेजारी तारीख लिहा, रोज सकाळी फोटो काढा. मुसळधार पाऊस पडला आणि बाथरूम वापरलं नाही त्या दिवशी ओल पसरली, तर बाहेरची भिंत आणि डक्ट (पाइप जातात ती उभी मोकळी जागा) आधी बघा.

मग प्लंबरकडून नळाच्या लाइनची प्रेशर टेस्ट. हातपंप लावून लाइनमध्ये दाब भरतात आणि काट्यावर नजर ठेवतात. नळ बंद असताना काटा खाली आला तर भिंतीत गळती आहे. हे टाइल्स लावण्याआधीच करायचं असतं, तेव्हा केलं होतं का ते ठेकेदाराला लेखी विचारा. लाइन नीट निघाली तर बाथरूम तीन-चार दिवस बंद ठेवा. कोब्यातलं साठलेलं पाणी काही दिवस टपकत राहील, त्यामुळे ‘थांबलं का’ यापेक्षा ‘मंदावतंय का’ हे बघा. त्यानंतर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं दीडेक इंच पाणी फरशीवर भरा, टाइलवर पातळीची खूण करा आणि ४८ तास तसंच ठेवा. खाली ओल वाढली तर फरशी दोषी. वाढली नाही, तर ट्रॅप उघडून बादल्या ओता आणि पुन्हा बघा. तेव्हा वाढली तर दोष सांडपाण्याच्या जोडात आहे.

कोपऱ्यात साचणाऱ्या पाण्याला चाचणीची गरज नाही, तो ढाळ चुकलाय. बाथरूमला मीटरमागे दहा-बारा मिलिमीटर उतार ट्रॅपकडे लागतो, पाच फुटांच्या बाथरूमला साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर. लेव्हल बॉटल (बुडबुड्यानं उतार दाखवणारी पट्टी) ठेवून मोजून घ्या, फोटोत ती दिसू द्या. पोकळ टाइल्स नाण्यानं वाजवून त्यांवर खडूनं फुल्या मारा. भिंतीवर बहुतेकदा काय होतं, तर मिस्त्री टाइलच्या मधोमध सिमेंटचा गोळा थापतो आणि चारही कोपरे रिकामे राहतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, तिला टाइल अ‍ॅडेसिव्ह लागतं. मिस्त्रीवर मात्र राग काढू नका. त्याला जे सामान आणि जितके दिवस दिले त्यातच त्यानं काम केलं.

हे सगळं एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवून त्याचा सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. तो घेताना ठेकेदारालाही लेखी बोलवा. आला तर उत्तम, नाही आला तर बोलावल्याचा पुरावा राहील. मग त्याला नोटीस द्या : दोष हे, अहवाल हा, १५ दिवसांत लेखी दुरुस्ती योजना द्या. राहिलेले ३० हजार का थांबवलेत तेही त्यात लिहा, गप्प बसून थांबवू नका. त्यानं पुन्हा करायची तयारी दाखवली तर संधी द्यावी असं माझं मत आहे, पण एका अटीवर. फरशी स्लॅबपर्यंत उघडायची, पाइप जातात ती भोकं भरायची, कोपऱ्यांना वाटा मारायचा (भिंत-फरशीचा सांधा सिमेंटनं गोलसर करायचा), वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगचे दोन हात द्यायचे आणि ते भिंतीवर किमान फूटभर चढवायचे. मग पाणी भरून चाचणी, कोबा झाल्यावर पुन्हा चाचणी, त्यानंतर टाइल. हे तो मान्य करत नसेल तर दुसरा माणूस बघा आणि तो खर्च याच्याकडून मागा.

महारेरा इथे कामाचं नाही. रेरा कायद्यातली पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते, ताबा दिल्यापासूनच्या बांधकामातल्या दोषांसाठी. तुमचा विषय सदोष सेवेचा आहे, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. दाद ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते, कारण नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानंच ठेकेदार हलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, कोटेशन, यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा. रोख दिलेले पैसे असतील तर ते मिळाल्याचं त्याच्याकडून आजच मेसेजवर कबूल करून घ्या.

सोसायटीला उत्तर द्या, टाळू नका. बाथरूममधून खाली जाणारी गळती सभासदानंच दुरुस्त करायची असते, त्यामुळे काकूंचं नुकसान तुमच्याकडे येतं आणि ते पुढे ठेकेदाराकडून वसूल करायचं. पत्रात ‘तपास सुरू आहे, अमुक तारखेपर्यंत अहवाल देतो’ इतकंच लिहा.

गणपतीची घाई मला मान्य नाही. चार दिवसांत फोडून, कोटिंग वाळायच्या आत टाइल बसवली की पुढच्या जूनमध्ये हेच पत्र पुन्हा येईल. बाप्पा या वर्षी जुन्या फरशीवर बसले तरी चालतील. काकूंचं छतही लगेच रंगवू नका. गळती थांबल्यावर स्लॅब वाळायला दिवाळीनंतरचा कोरडा काळ लागेल, तोवर खरवडून उघडं ठेवा. त्यांच्या छताचं प्लास्टर फुगलंय का किंवा सळईचा गंज दिसतोय का, हे मात्र आज संध्याकाळीच जाऊन बघा आणि सैल झालेलं असेल तर या आठवड्यातच काढून घ्या. ते कुणाच्या डोक्यावर पडता कामा नये.