अध्यापकाने केलेला माहितीपट हे संशोधन मानावे का?

प्रश्न : माझ्या मुलीला माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास या विषयात एम.ए. करायचे आहे. अशा विभागांची वार्तापत्रे वाचताना शोधनिबंधांच्या बरोबरीने अध्यापकांचे माहितीपट, महोत्सवांतील पारितोषिके आणि विद्यार्थ्यांचे चित्रपट महोत्सव यांच्या नोंदी दिसतात. ही खरोखर विद्याक्षेत्रातील कामगिरी आहे, की केवळ प्रसिद्धी? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे अध्यापकाचे काम मोजण्याची सवय छापील मजकुराला धरून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला 10 गुण आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला 12 गुण आहेत. वर्षानुवर्षे माणसांमध्ये राहून केलेला माहितीपट अशा मापात सहज बसत नाही. म्हणून तो कमी प्रतीचा ठरतो, असे मात्र मला मुळीच वाटत नाही.

मुंबईत देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास विभागाचे उदाहरण घेऊ. तेथे दीर्घकाळ अध्यापन केलेल्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 2001 साली ‘साचा’ हा माहितीपट केला. कवी नारायण सुर्वे, चित्रकार सुधीर पटवर्धन आणि ज्या गिरणगावाने दोघांच्या कलेला विषय पुरवला ते शहर, असे त्याचे तीन धागे आहेत. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, सुर्वे 2010 साली गेले; पण कामगारवस्तीत वाढलेला हा कवी स्वतःच्या आवाजात त्या शहराविषयी बोलतो आहे, हा पुरावा माहितीपटात राहिला. सुर्व्यांवर उद्या प्रबंध लिहिणाऱ्याला तो टाळता येणार नाही, आणि शोधनिबंधाच्या पानांवर तो या स्वरूपात उतरलाही नसता. याच दोघांनी 2003 साली ‘नाता’मध्ये भाऊ कोरडे आणि वकार खान यांचे काम टिपले, जे 1992-93च्या दंगलींनंतर धारावीत सलोख्यासाठी झटले होते. भारतीय माहितीपटांवरील मोंतेरो आणि जयशंकर यांच्या इंग्रजी ग्रंथाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. म्हणजे करणे आणि त्यावर लिहिणे ही दोन्ही कामे एकाच अभ्यासातून आली आहेत.

पारितोषिकांच्या यादीवर मात्र फार विसंबू नये. महोत्सवात निवड होणे ही आनंदाची गोष्ट खरी, तरी त्यावरून वर्गातील शिकवण्याचा अंदाज येत नाही. तो कार्यक्रमांच्या नोंदींवरून अधिक येतो. याच विभागात ‘कट.इन’ हा विद्यार्थ्यांचा चित्रपट महोत्सव आणि ‘फ्रेम्स ऑफ रेफरन्स’ हे विद्यार्थ्यांचे चर्चासत्र होत आले आहे. पाहुण्याचे व्याख्यान, शाल, श्रीफळ आणि छायाचित्र एवढ्यावर संपणाऱ्या समारंभांपेक्षा असे उपक्रम मला मोलाचे वाटतात, कारण त्यांत विद्यार्थ्याला आपले काम अनोळखी प्रेक्षकांसमोर ठेवून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

प्रवेशापूर्वी मुलीने त्या विभागातील अध्यापकांचा निदान एक माहितीपट पूर्ण पाहावा आणि एक लेख वाचावा. विद्यार्थ्यांना कॅमेरा व संकलनाची यंत्रणा किती काळ वापरता येते, आणि अध्यापकांच्या प्रकल्पात त्यांना सहभाग मिळतो का, हे सध्या तेथे शिकणाऱ्यांकडूनच विचारून घ्यावे.