तोंड दाखव, फोटो नको

प्रिय बाळा,

काल रात्री साडेअकराला तुझा फोटो आला. आरशासमोर, मोबाईलच्या टॉर्चमध्ये खालचा ओठ उलटा धरलेला, आणि आत साबुदाण्याएवढा निळसर दाणा. खाली लिहिलं होतंस, 'काकू, हे काय असेल?' असाच फोटो आणखी चौघांना पाठवलास, हेही तूच सांगितलंस. चौघांनी चार उत्तरं दिली आणि तुझी झोप गेली.

मी पाचवं उत्तर देणार नाही. तोंड दाखव. दातांच्या डॉक्टरला, खुर्चीत बसून, दिव्याखाली. गाठ मऊ आहे की कडक, खालच्या मांसाला चिकटली आहे की बोटाखाली सरकते, हे हात लावल्यावर कळतं. फोटोत ते कसं दिसणार?

तोंडात मुळातच किती उंचवटे असतात, हे आपल्याला माहीत नसतं. टाळूच्या मधोमध हाडाचा कडक फुगवटा कितीतरी जणांना असतो. वरच्या दाढेसमोर गालाला बारीक टोक लागतं, ते लाळेच्या नळीचं तोंड. जिभेच्या मुळाशी मोठ्या दाण्यांची रांग असते. माणसं ती पहिल्यांदा पाहतात आणि हबकतात. ओठ चावला गेला की लाळ आत साठून फोड येतो, फुटतो, पुन्हा भरतो. तुझं तसंच असेलही. पण हे मी म्हणून उपयोग नाही.

माझ्या दादाच्या वेळीही सगळ्यांनी असंच काहीतरी म्हटलं होतं. तो गिरणीत होता, सुपारी दिवसभर गालात. आधी आमटी तिखट लागते म्हणायला लागला. मग वडापावचे हाताने तुकडे करून दातांच्या फटीतून आत सरकवायला लागला, कारण तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. मी रोज समोर बसून बघत होते. गालात आतून गाठ लागली, तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी तोंड न बघताच बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं, आईने हळद-तूप लावलं. त्यात पाच महिने गेले. मग कुणीतरी सांगितलं, तपासायला गाठीचा तुकडा काढला की पसरतं, आणि तो तपासणीलाच तयार होईना. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. हे मला परळला, टाटाच्या व्हरांड्यात कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

मी का बोलले नाही, असं तू विचारशील. तो मोठा होता, घर त्याच्या पगारावर चालत होतं, मी एकोणीस वर्षांची. त्या घरात धाकट्या बहिणीने थोरल्याला तोंड उघड म्हणायची रीत नव्हती. हे सगळं खरं आहे. तरी मी बोलायला हवं होतं. म्हणून आता कुणाच्या तोंडात काही दिसलं की मागे लागते. माणसं वैतागतात. वैतागू देत.

तू तंबाखू खात नाहीस, सुपारी खात नाहीस, हे चांगलंच. पण तेवढ्यावर स्वतःला सोडून देऊ नकोस. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कडक होत जाणारी गाठ, बधिरपणा, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही असलं तर दाखवायचं. तुझा दाणा तीन आठवड्यांचा आहे, असं तूच लिहिलंस. मग अजून कशाची वाट बघतेस? आणि जिभेने तो चाचपणं बंद कर. लोकलमध्ये डोंबिवली ते दादर तेच करत होतीस म्हणे. चाचपून तो आणखी सुजेल, आणि सुजला की तू आणखी घाबरशील.

रजा मिळत नाही, हे मला सांगू नकोस. अर्धा दिवस मिळतो. दादाही गिरणीतली पाळी चुकेल म्हणूनच थांबला होता.

सोमवारी सकाळी मुंबई सेंट्रलला ये. नायरच्या दंत रुग्णालयात केसपेपर काढू, रांग असेल, मी डबा आणते. डॉक्टर बघतील तेव्हा तू घाबरून अर्धंच सांगशील, म्हणून दाणा कधी दिसला, किती वेळा फुटला, दुखतो का, हे आजच कागदावर लिहून ठेव.

तुझी,
काकू