पेंचमध्ये घोड्यावर मुक्काम? अन् रात्री घोडा बांधायचा कसा?

प्रश्न: माझा भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. दर उन्हाळ्यात तो दोन घोडे ट्रेलरमध्ये टाकून तिथल्या सरकारी जंगलात चार-चार दिवस जाऊन राहतो, टेंट काय, शेकोटी काय, व्हिडिओ पाहून नुसता जीव जळतो. मी दोन वर्षांपासून नागपुरात रायडिंग शिकते आहे, आता दुडकी बऱ्यापैकी जमते. पेंच इतकं जवळ आहे, तर आम्ही तीन-चार जणी घोडे घेऊन तिथे मुक्काम करू शकतो का? परमिशन कुठे मागायची?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, सरळच सांगतो, नाही. अन् परमिशनसाठी चकरा मारण्यात वेळ घालवू नका. पेंच हा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, आपण जिप्सीतून खाली पाय ठेवत नाही तिथे घोड्यावरून फिरायला कोण देईल? आता तुम्ही म्हणाल, मग पेंच सोडा, बाजूचं साधं राखीव जंगल चालेल का. तर तिथली गंमत ऐका, 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'कॅटल' कशाला म्हणायचं त्याची यादी आहे अन् त्यात म्हशी, शेळ्यांच्या सोबत हत्ती, उंट, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं सगळे बसवलेत. म्हणजे तुमचा ऐटदार घोडा कायद्यासाठी चरायला घुसलेलं ढोर, अन् कलम 26 खाली राखीव जंगलात ढोर चारणं गुन्हा, विस्तव पेटवणंही गुन्हा. शेकोटीचा विषय तिथेच संपला.

पण माझ्यासाठी कायदा नंतर येतो, आधी वाघ. कोलोरॅडोच्या जंगलातही अस्वलं आहेत, प्यूमा नावाचं मोठं रानमांजर आहे, पण वाघ नाही हो. आपल्याकडे उमरेड-कऱ्हांडला घ्या, बोर घ्या, ही वाघांची राखलेली जंगलं, पण वाघ काही बोर्ड वाचून आत थांबत नाही, शेतापर्यंत येतो, गोठ्यातली जनावरं मारतो. अशा ठिकाणी रात्री दोरानं बांधलेला घोडा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट, त्याला पळताही येत नाही. अन् टेंट त्याच्यापासून वीस पावलांवर तुमचा! शिवाय रोगराईची भानगड आहेच, पाळीव जनावरांचे रोग जंगलात जाऊ नयेत म्हणून अभयारण्याच्या 5 किलोमीटरच्या आतल्या जनावरांना लसी टोचायची तरतूदच कायद्यात आहे.

भावाला एक विचारा मात्र, तो चारा कुठला नेतो. तिकडच्या बऱ्याच सरकारी जंगलांत तणाचं बी नसलेला, सर्टिफिकेटवालाच चारा न्यावा लागतो, कारण बी घोड्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं अन् लिदीसोबत जंगलभर उगवतं. आपल्याकडे गाजरगवतानं काय केलं ते पाहतोच आहोत. मुक्काम पाण्यापासून 200 फूट लांब, हेही तिकडे शिकवतात. म्हणजे मोकळीक आहे पण शिस्तीची.

नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे बारगीर, म्हणजे घोडेस्वार, इथून बंगालपर्यंत घोड्यावर गेले अन् आपल्याला पेंचपर्यंत जाता येत नाही, मलाही वाईट वाटतं. पण करायचंच असेल तर जंगलापासून लांब, ओळखीच्या कोणाचं तरी शेत पाहा, मालकाला आधी विचारा, पांदण रस्त्यानं जा, हायवे टाळा. एका दिवसात 20 किलोमीटर पुष्कळ झाले. अन् नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. मार्चपासून आपलं ऊन घोड्याला नको.

प्रश्न: सावनेरकडे आमचं संत्र्याचं शेत आहे, दोन घोडे घेऊन एक रात्र काढायची आहे. घोडे झाडाला बांधले तर चालतं का? खायला काय न्यावं?
– एक वाचक, काटोल रोड

उत्तर: संत्र्याच्या झाडाला अजिबात नको भाऊ, सकाळी साल सोललेली दिसेल अन् वडील तुम्हाला सोलतील. मी एकदा मित्राच्या शेतात पळसाला बांधला होता, गुडघ्याच्या उंचीवर, दोर चांगला ऐसपैस सोडून, वाटलं बिचारा आरामात चरेल. रात्री दोनला धडपड ऐकू आली, पुढचा पाय दोरावरून पलीकडे गेलेला अन् खुराच्या वर कातडी पार भाजल्यासारखी. महिनाभर खोगीर चढलं नाही, चूक माझीच. तेव्हापासून दोन जाड झाडांच्या मध्ये डोक्याच्या वर आडवा दोर ताणतो, झाडाला आधी रुंद पट्टा किंवा गोणपाट गुंडाळतो, अन् त्या दोरावरून घोड्याचा दोर इतकाच सोडतो की तोंड जमिनीला लागेल पण पाय अडकणार नाही. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून अन् मागच्या पायांना दोर लावून बांधायची जुनी पद्धत, येत असेल तर तीही चालते, पण घोड्याला सवय पाहिजे.

खायला जे घरी खातो तेच न्या, तेच कुटार (भुसा), तीच चंदी (दाणा). शेतावर हिरवं गवत दिसलं म्हणून पोटभर चारलं की पोटशूळ ठरलेला. पाणी घोड्यामागे 30-40 लिटर धरा, विहीर असली तरी बादली घरचीच न्या, काही घोडे परक्या बादलीत तोंड घालत नाहीत. अन् जायच्या आधी एक रात्र आपल्याच तबेल्याबाहेर तसंच बांधून बघा, स्वतः खाट टाकून बाजूला झोपा.