वाचकांचे प्रश्न : मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या माशासाठी गळ

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. जाणकार वाटाड्याला सोबत घेऊन किनाऱ्याजवळच्या पाण्यात जिताडा, रावस, घोळ, सुरमई यांसारख्या मोठ्या माशांसाठी गळ टाकायला जाण्याची हौस मुंबईत वाढू लागली आहे आणि त्याबरोबर शंकाही वाढल्या आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आजवर तलावावरच गळ टाकला आहे. आता समुद्रात मोठा मासा धरण्याची इच्छा आहे. समाजमाध्यमांवर वाटाड्यांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात, प्रत्येकाच्या हातात भलामोठा मासा असतो. यांतून योग्य माणूस कसा निवडावा? कोणत्या महिन्यात जावे? (एक वाचक, बोरिवली)

छायाचित्रातील माशावरून वाटाड्या निवडू नका. तो मासा कोणत्या वर्षी, कोणत्या पाण्यात, गळाला की जाळ्यात सापडला, हे छायाचित्र सांगत नाही. त्याऐवजी वाटाड्याला एकच प्रश्न विचारा : अमुक तारखेला यायचे ठरवले तर आपण किती वाजता निघायचे आणि का? जो लगेच ‘पहाटे पाचला या’ असे ठरीव उत्तर देतो, त्याच्यापेक्षा आधी तिथी विचारणारा माणूस अधिक भरवशाचा समजावा.

याचे कारण मुंबईच्या पाण्यात आहे. येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि उधाणाच्या दिवसांत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते, तेव्हा वसई, मनोरी, ठाणे, करंजा अशा सगळ्या खाड्यांच्या तळाचा गाळ ढवळून निघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी इतके गढूळ होते की वीतभर खोलीवरचेही दिसत नाही. कृत्रिम आमिषाने मासेमारी करायची असेल, तर अष्टमीपासून दशमीपर्यंतचे भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याचा जोर कमी असतो आणि गाळ थोडा खाली बसतो. जिवंत कोलंबी किंवा बोय हा लहान मासा लावून गळ टाकणार असाल, तर गढूळ पाण्याचे तितकेसे अडत नाही. मासा वासाने आणि हालचालीने आमिषापर्यंत पोहोचतो.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते, सकाळीही आणि संध्याकाळीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टकही जवळ ठेवावे. पण हा हिशेब येत असला की वाटाड्याने सांगितलेली वेळ तुम्हाला पारखून घेता येते.

माझे मत विचाराल तर कोळीवाड्यातला, डोल जाळी (प्रवाहात खुंटांना बांधून लावायची जाळी) मारण्यात हयात घालवलेला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, हाच सर्वांत चांगला वाटाड्या. महागडी यंत्रसामग्री नंतरही आणता येते. डोल जाळ्यासाठी रोवलेल्या खुंटाकडे तो कसा पाहतो ते नीट पाहा. खुंटाच्या एका अंगाला पाणी फुगते आणि दुसऱ्या अंगाला त्याची लांब रेघ उमटते. त्या रेघेच्या लांबीवरून पाणी किती जोरात वाहते आहे, ते ‘फिरायला’ किती अवकाश आहे, हे त्याला कळते. खडक, खुंट, पुलाचे खांब यांच्या आडोशाला, जिथे जोरदार पाणी आणि संथ पाणी यांची शिवण पडते, तिथे मोठा मासा तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि वाहत येणारी कोलंबी, बोय, मांदेली टिपतो. पाणी पूर्ण थांबले की त्याचे खाणेही बहुधा थांबते. म्हणून भरती संपण्यापूर्वीचा आणि ओहोटी सुरू झाल्यानंतरचा तास-दीड तास हातचा जाऊ द्यायचा नाही. हे सगळे ज्याला न सांगता कळते, त्याच्या बोटीत बसावे. मात्र मासेमारीसाठी नोंदवलेली बोट प्रवाशांसाठी चालत नाही, हा मुद्दा पुढच्या उत्तरात आहेच. त्यामुळे परवानाधारक बोट आणि अनुभवी तांडेल अशी जोड असलेली सहल शोधावी.

आता महिने. पावसाळा सरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंतचा काळ खाडीतील जिताडा आणि रावस यांच्यासाठी चांगला. थंडीत खांदेरी-उंदेरीच्या आणि अलिबागच्या बाजूला पाणी त्या मानाने स्वच्छ असते, तेव्हा खडकांजवळ तांब आणि हेकरू, तर थोडे बाहेर सुरमई यांची आशा धरता येते. फेब्रुवारी ते एप्रिल हा दुसरा बरा काळ. मे महिन्याच्या मध्यापासून वारा फिरतो, लाटा वाढतात. तेव्हा वाटाड्या तयार असला तरी तुम्ही टाळावे.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. मध्यम ताकदीची सात फुटांची काठी, तीस ते चाळीस पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्या टोकाला पन्नास पौंडांच्या आसपासची जाड, गुळगुळीत दोरी एवढे पुरते. ही टोकाची दोरी सोडू नये, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि झटापटीत साधी दोरी तिच्यावर कापली जाते. रीलचा ताण दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर ठेवावा. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झाडतो, त्या क्षणी गरी (गळाचा आकडा) सुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. तेव्हा काठी वर न खेचता तिचे टोक पाण्याकडे झुकवून दोरी ताणलेली ठेवावी.

प्रश्न : माझे वडील निवृत्त आहेत आणि त्यांना अशा सहलीला जायचे आहे. बोट सुरक्षित आहे हे आम्ही कसे ओळखावे? (एक वाचक, डोंबिवली)

पहिली गोष्ट म्हणजे परवाना. राज्याच्या किनाऱ्यावर प्रवासी वाहतूक करणाऱ्या बोटींना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते आणि किती माणसे बसवायची याची मर्यादाही ठरलेली असते. मासेमारीसाठी नोंदवलेली बोट ही प्रवासी बोट नव्हे. कागद पाहायला मागण्यात संकोच वाटू देऊ नका. चांगला माणूस तो आपणहून दाखवतो. प्रत्येकासाठी अंगाला नीट बसणारे जीवरक्षक जाकीट हवे आणि ते बाकाखाली न ठेवता निघण्यापासून परतेपर्यंत अंगावर हवे. वायरलेस संच, प्रथमोपचार पेटी आणि दुसरे इंजिन किंवा निदान वल्ही आहेत का, तेही विचारा. समुद्रात संकट ओढवल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवा.

२००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या समुद्रात तपासणी कडक झाली आहे, म्हणून आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र प्रत्येकाने जवळ बाळगावे. आदल्या दिवशी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज पाहावा. वडिलांना रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच जावे, आणि पहिल्या खेपेला खाडीच्या आतल्या, संथ पाण्यातली अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी. उन्हात चार तास बसणे तरुणांनाही जड जाते.

प्रश्न : वाटाड्याच्या मदतीने मला मोठा जिताडा मिळाला, पण त्याने तो परत पाण्यात सोडायला लावला. सहलीचे पैसे आम्ही दिले होते. मग मासा आमचा नाही का? (एक वाचक, वसई)

तुमची चुटपुट मी समजू शकतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात तळ्यातला जिताडा पाहुण्याला भेट देण्याइतका मानाचा समजला जातो आणि त्याच्या चवीची ख्याती सांगायला नकोच. तरीही तुमच्या वाटाड्याने योग्य तेच केले असे मला ठामपणे वाटते, आणि त्याचे कारण या माशाच्या शरीरात आहे.

जिताडा जन्मतः बहुधा नर असतो. काही वर्षे नर म्हणून जगल्यावर, अंगाने वाढल्यावर तो मादी होतो. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला मोठा जिताडा जवळजवळ निश्चितपणे मादी होता. पावसाळ्याच्या सुमारास अशी मादी खाडीच्या मुखाशी येऊन लाखो अंडी सोडते. पिल्ले आतल्या तिवरांच्या आणि निमखाऱ्या पाण्याच्या आसऱ्याने वाढतात. छोटे मासे सोडून मोठे धरावेत हा आपला नेहमीचा व्यवहार इथे उलटा पडतो, कारण मोठे सगळे काढून घेतले की खाडीत उरतात ते नरच. रावसाच्या बाबतीतही लहानपणी नर आणि नंतर मादी असाच क्रम असतो. आधीच भराव, सांडपाणी आणि तिवरांची तोड यांनी मुंबईच्या खाड्यांची दशा झालेली आहे. अशा पाण्यात मोठी झालेली एक मादी सोडून देणे ही त्या खाडीची सेवा आहे, असे मी मानतो.

पैशाबद्दल म्हणाल तर वाटाड्याला तुम्ही त्याच्या ज्ञानाचे, वेळेचे आणि बोटीचे पैसे देता. मासा त्या किमतीत धरलेला नसतो. मात्र मासा सोडायचा की ठेवायचा हे निघण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घेतले पाहिजे, आणि ती जबाबदारी वाटाड्याची आहे. तुमच्या वाटाड्याने ते आधी सांगितले नसेल, तर तेवढी तुमची तक्रार रास्त आहे.

सोडायचा म्हणजे नुसता पाण्यात टाकायचा नव्हे. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतो. जड मासा जबड्याला धरून लोंबकळवू नये. एक हात जबड्याखाली आणि दुसरा पोटाखाली देऊन त्याला आडवा धरावा. गरीचा काटा आधीच पकडीने चेपून घेतला असेल तर ती झटकन निघते. छायाचित्र एकच घ्यावे, तेही मासा पाण्याच्या जवळ ठेवून. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवावे. सुरुवातीला तो एका कुशीवर कलंडतो, कल्ले संथपणे उघडमीट करतो. थोड्या वेळाने पाठ सरळ होते, शेपटीत जोर येतो आणि ती तुमच्या मनगटावर आपटू लागते. तो स्वतः हात सोडवून घेईपर्यंत सोडू नये.

हा नियम सर्व माशांना सारखा लागू होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रावस नाजूक असतो. खवले लगेच सुटतात आणि फार वेळ झुंजवला तर सोडूनही तो जगेलच असे नाही. खोल पाण्यातून वर ओढलेल्या घोळीच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि तिला परत खाली जाता येत नाही. अशा वेळी खाण्यापुरता एखादा मासा ठेवून गळ गुंडाळावा, हे ‘धरत राहा आणि सोडत राहा’ यापेक्षा चांगले. घोळीच्या याच पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशी बाजारात मोठी किंमत मिळते. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे येथील मच्छीमारांना १५७ घोळी सापडल्या आणि त्यांची विक्री सव्वा कोटीच्या वर गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. त्या कमाईवर कोळी कुटुंबे जगतात. हौशी माणसाने त्या लोभाने गळ टाकू नये.

शिवाय राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेट, बोंबील, सुरमई त्यांत आहेत. त्याहून लहान मासा हाती आला तर तो परत पाण्यातच गेला पाहिजे. करवत मासा आणि महाकाय हेकरू यांना तर वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. असा मासा चुकून लागल्यास बोटीत न घेता दोरी तोंडाजवळ कापून टाकावी.

प्रश्न : ठाणे खाडीत फ्लेमिंगो दिसतात त्या भागात बोटीतून गळ टाकता येईल का? (एक विद्यार्थी, ऐरोली)

नाही. तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. पक्षी पाहण्यासाठी वन विभागाच्या सोयीने जरूर जा, गळ घरी ठेवा. ट्रॉम्बेचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, नौदलाची गोदी आणि बंदरात जहाजांच्या ये-जा करण्याच्या वाटा, इथेही बोट थांबवायची नसते.

प्रश्न : जुलैमध्ये सुट्टी आहे. तेव्हा एखादी सहल मिळेल का? (एक वाचक, परळ)

१ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रचलित बोटींना मासेमारीची बंदी असते. हाच बहुतेक माशांचा विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या काळात कोणी ‘नेतो’ म्हणाला तरी जाऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर चौकशी करा.

प्रश्न : पाखट (स्टिंग रे) किंवा शिंगाळा (समुद्री कॅटफिश) गळाला लागला आणि काटा लागला तर काय करावे? (एक वाचक, उरण)

आधी काटा लागू नये म्हणून पाहावे. पाखटाच्या शेपटीवर आणि शिंगाळ्याच्या पाठीवर व दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. हे मासे हाताने न धरता लांब पकडीने गरी काढावी किंवा दोरी कापावी. उथळ चिखलात उतरायचे झाल्यास पाय उचलून न टाकता सरकवत चालावे, म्हणजे तळाशी बसलेली पाखट दूर जाते. काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तो अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश सेल्सियस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना पुष्कळ उतरतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, धड हाताने आधी पाहावे, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. यासाठी बोटीवर गरम पाण्याचा थर्मास असावा, असे मी नेहमी सुचवतो. काट्याचा तुकडा खोलवर रुतला असेल, किंवा छातीत वा पोटात लागला असेल, तर तो स्वतः उपसू नये. रक्त येत असल्यास भोवती दाबून धरावे, बोट ताबडतोब धक्क्याकडे वळवावी आणि थेट रुग्णालयात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे.